ड्रमर बदलला, त्यात एवढं काय? नील पीअर्ट आणि प्रोग्रेसिव्ह रॉक, अगदी पहिल्यापासून

ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनडाच्या 'रश' या बँडने जाहीर केलं की २०२६ च्या जूनपासून आपण पुन्हा मैफली करणार. गाणार आणि बेस गिटार वाजवणार गेडी ली, लीड गिटारवर ॲलेक्स लाइफसन. हे दोघं १९६८ पासून एकत्र आहेत. ड्रम्सवर मात्र जर्मनीची अनिका निलेस. बातमी ऐकून जगभरचे चाहते आनंदले, आणि त्यातले बरेच जण त्याच क्षणी हळवेही झाले.

ज्यांनी रश कधी ऐकलेलंच नाही, त्यांना हे चमत्कारिक वाटणं साहजिक आहे. गायक तोच, गिटारवाला तोच, गाणीही तीच. मागे बसून ड्रम्स वाजवणारा माणूस बदलला तर एवढं मनाला लावून घ्यायचं कारण काय? बहुतेक बँडमध्ये खरोखरच फारसं बिघडत नाही. इथे वेगळं का वाटतं, हे समजायला २०२० मध्ये गेलेला रशचा ड्रमर नील पीअर्ट कोण होता हे कळायला हवं. आणि त्याआधी तो ज्या संगीतात वाढला ते काय आहे, तेही.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नेमकं काय?

नेहमीचं रॉक गाणं तीन-चार मिनिटांचं असतं. धृपद, कडवं, पुन्हा धृपद, मध्ये गिटारचा एक तुकडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत चार मात्रांचा ठेका. १९६० चं दशक संपता संपता इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना ही चौकट अपुरी वाटायला लागली. त्यांच्या कानांवर पाश्चात्य शास्त्रीय संगीत होतं, जॅझ होतं. गाण्याची लांबी त्यांनी वाढवली, एका गाण्यात चार-पाच वेगवेगळे भाग आणले, त्यांतून एखादी कथा सांगायला सुरुवात केली. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम १९६९ चा. मागोमाग येस, जेनेसिस, इमर्सन लेक अँड पामर आले. एलपी रेकॉर्डच्या एका बाजूवर वीसेक मिनिटांचं संगीत मावतं. काहींनी ती अख्खी बाजू एकाच रचनेला देऊन टाकली. या सगळ्या प्रवाहाला नाव पडलं प्रोग्रेसिव्ह रॉक, चाहत्यांच्या तोंडी नुसतं 'प्रॉग'.

या संगीताबद्दल लोक बिचकतात ते मुख्यतः एका गोष्टीमुळे. टाइम सिग्नेचर, म्हणजे एका आवर्तनात किती मात्रा आणि त्यांची मोजणी कशी, याचं पाश्चात्य माप. रॉकमध्ये हे माप बहुतेक वेळा चारचं असतं. प्रॉगमध्ये ते पाच, सात, दहा असं काहीही असू शकतं. चारवर वाढलेल्या कानाला सात मात्रा ऐकल्या की एक पायरी चुकल्यासारखं होतं.

मराठी कानाला मात्र यात बिचकण्यासारखं काही नाही. सात मात्रा म्हणजे आपला रूपक, आणि रूपकातली भावगीतं आपण मोजदाद न करता गुणगुणतो. दहा मात्रा म्हणजे झपताल. फरक एवढाच की आपल्याकडे बंदिश ज्या तालात सुरू झाली त्याच तालात सहसा पुरी होते, आणि ठेका धरणारा तबलजी आपल्याला समेवर आणून सोडतो. प्रॉगमध्ये माप मधेच बदलतं, कधी फक्त एका आवर्तनापुरतं बदलून परत येतं. ड्रमरही ठेका धरून बसत नाही. गिटार जे बोलते त्याला तो उत्तर देत असतो.

एक नमुना हाताने वाजवून पाहा

रशच्या १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' या अल्बममध्ये 'वायवायझेड' नावाची शब्दांविना एक रचना आहे. वायवायझेड हे टोरांटोच्या विमानतळाचं सांकेतिक नाव. तारयंत्राच्या मोर्स लिपीत हीच तीन अक्षरं लांब आणि तोकड्या ठोक्यांनी लिहिली जातात. लांब ठोक्याला 'टा' म्हणू आणि तोकड्याला 'टि'. मग वाय म्हणजे टा टि टा टा. पुन्हा वाय, टा टि टा टा. आणि झेड म्हणजे टा टा टि टि.

आता 'टा'ला एक मात्रा द्या आणि 'टि'ला अर्धी. पहिल्या अक्षराच्या साडेतीन मात्रा होतात, दुसऱ्याच्या साडेतीन आणि तिसऱ्याच्या तीन. बेरीज दहा. झपतालाएवढंच आवर्तन, पण झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन असे आणि हे साडेतीन-साडेतीन-तीन. मांडीवर टाळी देऊन सलग चार वेळा म्हणा. तिसऱ्यांदा-चौथ्यांदा ते अंगात भिनायला लागतं आणि कोडं राहत नाही, चाल होऊन जाते.

या रचनेची सुरुवातच या ठोक्यांनी होते. दौऱ्यावरून घरी परतणाऱ्या माणसांना आपल्या विमानतळाचं नाव तारेच्या भाषेत ऐकू यावं आणि त्याचंच गाणं व्हावं, ही कल्पना मला फार आवडते. गणित आहे, पण ते घराच्या ओढीतून आलंय.

ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा मुलगा

नील पीअर्टचा जन्म १२ सप्टेंबर १९५२ चा, कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात हॅमिल्टनला. वाढला सेंट कॅथरिन्स या गावात. वडिलांचा धंदा शेतीची यंत्रं आणि अवजारं विकण्याचा. घरातल्या वस्तूंवर काड्यांनी बडवत राहायची नीलची खोड. तेराव्या वाढदिवसाला आईवडिलांनी त्याला ड्रमस्टिकची एक जोडी आणि सरावाची रबरी गादी दिली, शिकवणी लावली. अट अशी की वर्षभर नेटाने शिकलास तर खरा ड्रमसेट मिळेल. चौदाव्या वर्षी तो मिळाला.

अठराव्या वर्षी नशीब काढायला तो लंडनला गेला. पण बँडमध्ये पोट भरेल असं काम मिळेना, म्हणून कार्नाबी स्ट्रीटवरच्या एका दुकानात पर्यटकांना दागिने विकत उभा राहिला. वर्ष-दीड वर्षाने परत आला आणि वडिलांच्या दुकानात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायला लागला. ड्रम्स आवडीसाठी वाजवायचे, पोटासाठी दुकान, अशी मनाची तयारीही त्याने केली होती.

१९७४ मध्ये टोरांटोच्या रशचा पहिला ड्रमर जॉन रट्सी तब्येतीच्या कारणाने बाजूला झाला. पहिला अल्बम बाजारात होता, अमेरिकेचा दौरा दारात होता. नीलने येऊन वाजवून दाखवलं आणि २९ जुलैला, गेडी लीच्या एकविसाव्या वाढदिवशी, तो बँडचा झाला. दोन आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, पिट्सबर्गला ११ हजार लोकांसमोर तो वाजवत होता. बँडची माणसं पुढे ४१ वर्षं बदलली नाहीत.

ड्रमर गाणी लिहितो?

'एवढं काय?' या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग इथे आहे. गेडी ली आणि लाइफसन यांना शब्द लिहायचा कंटाळा. नवा आलेला हा मुलगा सारखा पुस्तकात डोकं घालून बसलेला असायचा. म्हणून त्यांनी गाणी लिहायचं काम त्याच्याकडे सोपवलं. त्यानंतर रशच्या जवळजवळ सगळ्या गाण्यांचे शब्द नीलचे आणि संगीत त्या दोघांचं. म्हणजे गेडी ली मंचावर पुढे उभा राहून जे गातो, ते मागे बसलेल्या माणसाच्या मनातलं असतं.

१९७५ चा त्यांचा तिसरा अल्बम आपटला. दौऱ्यात प्रेक्षक रोडावले, आणि त्या दौऱ्याला बँडनेच 'सगळं गटारात' अशा अर्थाचं नाव ठेवलं. रेकॉर्ड कंपनीला छोटी, रेडिओवर चालतील अशी गाणी हवी होती. बँडने १९७६ मध्ये '२११२' काढला आणि त्याची पहिली अख्खी बाजू, वीस मिनिटांहून मोठी, एकाच कथेला दिली. पुजाऱ्यांची सत्ता असलेलं भविष्यातलं जग. धबधब्यामागच्या गुहेत एका तरुणाला एक जुनी गिटार सापडते. ती काय आहे हेही त्याला ठाऊक नसतं. स्वतःच्या बोटांनी सूर लावत तो शिकतो, आणि आनंदाने ती पुजाऱ्यांसमोर घेऊन जातो. ते ती मोडून टाकतात. शब्द विशीतल्या मुलाचे आहेत, काही ठिकाणी भाबडे आणि ठोकळेबाजही. पण आपलं काम स्वतःच्या मनासारखं करू द्या, या मागणीतली तळमळ खरी आहे. अमेरिकेत या अल्बमच्या ३० लाख प्रती खपल्या. त्यानंतर कंपनीने त्यांच्या कामात लुडबुड करायचं सोडलं.

पण त्याचे विचार उजवे होते ना?

हा आक्षेप जुना आहे आणि त्याला आधारही आहे. '२११२'ची कथा आयन रँड या लेखिकेच्या एका छोट्या कादंबरीच्या जवळ जाते हे लक्षात आल्यावर नीलने अल्बमच्या वेष्टनावर तिचं ऋण जाहीर मानलं. रँड म्हणजे व्यक्तीचा स्वार्थ हेच मूल्य मानणारी लेखिका. १९७८ मध्ये एका ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने यावरून बँडवर फॅसिस्ट असल्याचा शिक्का मारला.

गेडी लीचे आईवडील नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत वाचलेले ज्यू. त्यांच्या मुलाला हे विशेषण लावणं किती निर्दय होतं, हे वेगळं सांगायला नको. नीलबद्दल म्हणाल, तर रँडच्या लेखनाचा प्रभाव त्याने कधी लपवला नाही. पुढे तो प्रभाव मागे पडल्याचंही सांगितलं. २०१२ च्या एका मुलाखतीत त्याने स्वतःचं वर्णन केलं ते साधारण असं, की व्यक्तिस्वातंत्र्य मानणारा, पण दुबळ्यांसाठी जीव तुटणारा माणूस. विशीतल्या वाचनावरून आयुष्यभराचा हिशेब मांडायचा असेल तर आपल्यातले फार थोडे सुटतील.

हा नुसता कसरतीचा खेळ नाही का?

प्रॉगवरचा हा सगळ्यात मोठा आक्षेप. १९७६-७७ मध्ये इंग्लंडमध्ये पंकची, म्हणजे छोट्या, साध्या आणि आक्रमक रॉकची लाट आली ती काही प्रमाणात याच रागातून: वीस-वीस मिनिटं बोटं चालवता, सांगायचंय काय? आक्षेप सरसकट खोटाही नाही. त्या काळातल्या काही रेकॉर्ड आज ऐकवत नाहीत.

रशने त्याला दिलेलं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी पंकचा आणि त्यातून निघालेल्या न्यू वेव्हचा द्वेष केला नाही, ते संगीत ऐकलं. १९८० पासून बहुतेक गाणी चार-पाच मिनिटांवर आली, एका गाण्याच्या शेवटाकडे चक्क रेगे या जमैकन संगीताचा तुकडा आला. गुंतागुंत गेली नाही, ती आत मुरली. 'मूव्हिंग पिक्चर्स'मधलं पहिलंच गाणं, 'टॉम सॉयर', रेडिओवर गाजलं. त्याच्या मधल्या भागात सात मात्रा आहेत आणि गाडीत बसून ते गुणगुणणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

उत्तराचा उरलेला अर्धा भागही इथेच आहे. नीलला 'द हू' या ब्रिटिश बँडचा ड्रमर कीथ मून याचं बेभान वाजवणं अतिशय आवडायचं, पण आपला पिंड तो नाही हे त्याला लवकर कळलं. त्याची ओढ रचनेकडे. प्रत्येक गाण्यासाठी तो ड्रम्सचा भाग बांधायचा. इथे स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम, इथे झांज, गाण्याच्या या ओळीनंतर हा तुकडा. आणि मंचावर तो तसाच, बारकाव्यांसह वाजवायचा. म्हणून रशच्या मैफलीत हजारो लोक हवेत हात फिरवत ते तुकडे ठोक्याला ठोका जुळवून वाजवताना दिसायचे. ड्रम्सचे तुकडे चालीसारखे तोंडपाठ असलेला श्रोता फार थोड्या बँडच्या वाट्याला येतो. त्याच्याजागी कुणी 'आपल्या पद्धतीने' वाजवलं तर श्रोत्याला गाण्याची ओळच बदलल्यासारखं वाटतं.

बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शिष्य

नावाजलेल्या 'मॉडर्न ड्रमर' मासिकाने १९८३ मध्येच त्याला मानाच्या यादीत बसवलं होतं. चाहते त्याला 'प्रोफेसर' म्हणायचे. अशा माणसाने १९९४ च्या सुमारास काय करावं? थोर जॅझ ड्रमर बडी रिच याच्या गौरवासाठी नील एक अल्बम करत होता. तिथे स्टीव्ह स्मिथ या ड्रमरच्या वाजवण्यात पडलेला फरक त्याने पाहिला आणि विचारलं, हे कुठून आलं? उत्तर मिळालं, फ्रेडी ग्रुबर. नील त्या वयस्कर गुरूकडे जाऊन बसला.

ग्रुबरचा भर ठोक्यावर कमी आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळावर जास्त होता. काठी वर जाते कशी, हवेत कुठल्या वाटेने फिरते, खाली येते कशी. नीलचं वाजवणं तोवर ताठ होतं. अचूक, जोरकस, पण ताठ. त्याने डाव्या हातात काठी धरायची पद्धत बदलून जुन्या जॅझ वादकांसारखी केली, आसन बदललं, मांडणी बदलली आणि रोज रबरी गादीवर नव्याने रियाज सुरू केला. हे सगळं तीस वर्षं वाजवून झाल्यावर, जगभर नाव झाल्यावर. त्याच्या आयुष्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच. फार लोकांना फरक कळलाही नसता. त्याला स्वतःला तो ऐकू येत होता.

चाहत्यांना टाळणारा माणूस गर्विष्ठ होता का?

गेडी ली आणि लाइफसन चाहत्यांना भेटायचे. नील नाही. दौऱ्यात एका गावाहून दुसऱ्या गावाला तो आधी सायकलने आणि पुढे मोटरसायकलने, आडरस्त्यांनी, कुणी ओळखणार नाही असा जायचा. अनेकांना हा शिष्टपणा वाटला. १९८१ च्या 'लाइमलाइट' गाण्यात त्याने याचं सरळ उत्तर दिलंय: अनोळखी माणसाशी जिवलग भेटल्याचं सोंग मला आणता येत नाही. लाजरा माणूस होता तो. पत्रं भरभरून लिहायचा, पुस्तकं लिहायचा. पश्चिम आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये केलेल्या सायकलप्रवासावर त्याचं पहिलं पुस्तक आहे.

१० ऑगस्ट १९९७ ला त्याची एकुलती एक मुलगी सेलेना मोटार अपघातात गेली. एकोणीस वर्षांची. दहा महिन्यांनी, जून १९९८ मध्ये, पत्नी जॅकलिन कर्करोगाने गेली. मुलीच्या अंत्यविधीला त्याने साथीदारांना सांगून टाकलं होतं की मी निवृत्त झालो असं समजा. त्यांनी त्याला एकदाही परत बोलावलं नाही. बँड थांबला.

नील मोटरसायकल काढून निघाला. क्यूबेकच्या घरापासून अलास्का, खाली मेक्सिको, बेलीझ, परत. चौदा महिन्यांत सुमारे ८८ हजार किलोमीटर. याचंच पुढे 'घोस्ट रायडर' हे पुस्तक झालं. त्यात दुःखावर उतारा वगैरे सापडत नाही. आज कुठे पोचलो, काय खाल्लं, कुठला पक्षी दिसला, कुणाला पत्र लिहिलं, असं ते दिवसामागून दिवस पुढे जातं. २००० मध्ये त्याने छायाचित्रकार कॅरी नटल हिच्याशी लग्न केलं, २००१ मध्ये साथीदारांना कळवलं की वाजवून बघू या, आणि २००२ मध्ये रशचा नवा अल्बम आला.

मग थांबला का?

ड्रम्स हे अंगमेहनतीचं वाद्य आहे. दोन्ही हात, दोन्ही पाय, जवळपास तीन तासांची मैफल आणि साठी ओलांडलेलं वय. स्नायुबंधांची सूज आणि खांद्याचं दुखणं पाठ सोडेना. आपला दर्जा घसरलेला लोकांना ऐकवायचा नाही, हा त्याचा हट्ट होता. २००९ मध्ये जन्मलेली ऑलिव्हिया ही मुलगी घरी वाट बघत होती, आणि पहिल्या मुलीच्या वेळी दौऱ्यांत गेलेली वर्षं त्याला ठाऊक होती. १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसच्या 'फोरम'मध्ये तो शेवटचं वाजवला. ऑलिव्हिया शाळेतल्या मैत्रिणींना त्याची ओळख 'माझे बाबा निवृत्त ड्रमर आहेत' अशी करून द्यायची, हे त्याने त्याच वर्षी कौतुकाने लिहिलंय.

पुढच्याच वर्षी ग्लायोब्लास्टोमाचं निदान झालं, म्हणजे मेंदूच्या कर्करोगाचा अतिशय वेगाने वाढणारा प्रकार. मोजक्या माणसांना सांगितलं गेलं आणि त्या माणसांनी तीन वर्षांहून जास्त काळ तोंडातून शब्द काढला नाही. ७ जानेवारी २०२० ला तो गेला. जगाला कळलं तीन दिवसांनी.

मग दुसऱ्या कुणी ते वाजवूच नये का?

वाजवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बांधलेली रचना पुन्हा वाजवली जाण्यासाठीच असते. सप्टेंबर २०२२ मध्ये फू फायटर्स या अमेरिकन बँडच्या दिवंगत ड्रमरच्या स्मृतीसाठी लंडनला आणि लॉस एंजेलिसला मैफली झाल्या, तेव्हा गेडी ली आणि लाइफसन रशची गाणी घेऊन उभे राहिले. ड्रम्सवर गाण्यागणिक वेगळे लोक होते: डेव्ह ग्रोल, 'वायवायझेड'ला लंडनमध्ये ओमर हकीम, लॉस एंजेलिसमध्ये डॅनी कॅरी. गाणी जिवंत राहू शकतात, हे तिथे दिसलं.

अनिका निलेसचा जन्म १९८३ चा. २०२२ मध्ये ती गिटारवादक जेफ बेकच्या शेवटच्या दौऱ्यात वाजवत होती. तिची वाजवण्याची धाटणी वेगळी आहे, आणि ती तिने सोडू नये असं मला वाटतं. कॅरी आणि ऑलिव्हिया यांनी या दौऱ्याला जाहीर पाठिंबा दिला आहे. त्यांची हरकत नसेल तर आपण ती घेण्याचं कारण उरत नाही. पहिली मैफल त्याच 'फोरम'मध्ये ठरली.

कुठून ऐकायचं?

'२११२'पासून सुरू करू नका. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, वीस मिनिटं मोकळी काढून. आधी 'मूव्हिंग पिक्चर्स' घ्या, चांगल्या हेडफोनवर. 'टॉम सॉयर' पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा फक्त उजव्या हाताच्या हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने मिटणाऱ्या जोडीच्या झांजा ऐका, त्या जवळजवळ थांबतच नाहीत. मग 'वायवायझेड' लावा आणि टा टि टा टा म्हणत मांडीवर ताल धरा. 'लाइमलाइट' शब्द समोर ठेवून ऐका. त्यानंतर २०१२ चा 'क्लॉकवर्क एंजल्स' लावा, त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. ग्रुबरकडे शिकून आलेला हात आणि १९८१ चा हात यांत काय बदललंय, ते तिथे तुमचे तुम्हाला ऐकू येईल.